चौदा दिवसांच्या गोळ्या

बिश्केक
१२ ऑक्टोबर २००३

झिपार,

तू दिलेली तळलेल्या बोरसोकांची पिशवी दोन दिवसांत संपली, अर्धी कामावरच्या बायकांनी पळवली. मेंढ्या धडधाकट आहेत ना, पोरं बरी आहेत ना, तुझ्या सासूबाईंचे, आमच्या आपांचे गुडघे कसे आहेत, हे सगळं मी रीतसर विचारलं असं समज. आता मुद्द्याचं.

तू माझी वहिनी व्हायच्या आधी सात वर्षं आपण शाळेत एका बाकावर बसलोय, म्हणून आडपडदा न ठेवता विचारते. सुयुनबेकदादाचं पोट कधीपासून दुखतंय?

मला बनवू नकोस. बाबांच्या वर्षाच्या जेवणाला दादा मेंढीचं उकडलेलं डोकं कापायला बसला होता. एक कान कापून पोरांना दिला आणि सुरी खाली ठेवली. मूठ बरगड्यांखाली दाबली. मग घाईघाईने पावाचा तुकडा गिळला, आणि थोड्या वेळाने पुन्हा हसायला लागला. पाहुण्यांना वाटलं बापाच्या आठवणीने गलबलला. मी मात्र रोज सकाळी आठ ते तीन अशा मुठी बघते. आमच्या खोलीत येणारा प्रत्येक माणूस तिथेच मूठ दाबत येतो, मग आम्ही त्याच्या घशातून नळी घालून आत बघतो.

आजोबा पोटाने गेले, काका पोटाने गेले, बाबा गेले. गावात म्हणतात, आमच्या घराण्याचं पोटच तसलं. मीही तेच समजत होते. पण डॉक्टर तोल्कुनबाई सांगतात, घराण्यातून रक्त येतं तसाच एक जंतूही येतो. लहानपणीच, घरच्यांच्याच तोंडून पोरांच्या तोंडात, बहुतेक असाच. त्याची नक्की वाट डॉक्टरांनाही पुरती सापडलेली नाही. पोटातल्या आंबट रसात कुणी जगू नये, हा मेला मजेत जगतो. आपल्या मुलखात जवळजवळ सगळ्यांच्या पोटात तो आहे, आणि बहुतेकांना जन्मभर काही होत नाही. काहींना अल्सर होतो. आणि थोड्यांच्या पोटात वर्षानुवर्षं आतून सूज राहते आणि शेवटी कॅन्सर होतो, बाबांना झाला तसा. ज्या घरात तो आधी होऊन गेलाय त्या घराने जास्त जपायचं.

जंतू मारायचं औषध आहे, झिपार. बाबांच्या वेळी आपण पोचलो तेव्हा काही उरलं नव्हतं. दादाच्या वेळी मी तसं होऊ देणार नाही. त्याला पाठव.

तुझी बुरुल्चा

कोक-झार
२६ ऑक्टोबर

बुरुल्चा, माझ्या शहाण्या नणंदबाई,

तू पत्र पाठवलंस ते एक बरं केलंस. पोस्टातल्या फोनवर बोलावलं असतंस तर तुझ्या दादाचं पोट एव्हाना नारीनपर्यंत गाजलं असतं.

तुला काय लपवायचं? उन्हाळ्यात वर कुरणावर होतो तेव्हापासून दुखतंय. उपाशी असले की जळतं, खाल्लं की थांबतं. खिशात खायच्या सोड्याची पुडी असते, चिमटीने तोंडात टाकतात आणि मला दिसलं की खोकल्याचं नाटक करतात. मी आधी माझ्या चहाला दोष दिला, मीठ कमी केलं. त्यावर आपा म्हणाल्या, "सुनेने चहाचं पाणी केलं."

तुझं पत्र वाचून दाखवलं.

"बहिणीने बोलावलंय."

"कशाला?"

"पोट बघायला."

"माझ्या पोटात काय बघायचंय? बाबांचं होतं तसंच आहे."

"अहो, म्हणूनच तर!"

यावर उठून घोड्याला पाणी दाखवायला गेले. घोडा तासाभरापूर्वीच पाणी पिऊन आला होता.

आता एक गोष्ट लिहिते, ती वाचून हातपाय गाळू नकोस. परवा मला म्हणाले, "झिपार, शौचाला काळं होतंय. डांबरासारखं." दोन दिवसांपासून. सहज सांगावं तसं सांगितलं आणि मग म्हणाले, आपांना बोलू नकोस. मी रडले नाही. ठरवलं. येत्या शनिवारी कुबातच्या मिनीबसमधून तोकमोकच्या जनावरांच्या बाजारात मेंढे बघायला जायचं असं मी यांच्या डोक्यात भरवलंय. गाडी तोकमोकला थांबणार नाही. कुबातला सगळं सांगून ठेवलंय, त्याचा बापही पोटानेच गेला. तू दवाखान्याच्या दारात उभी राहा.

मला शिव्या देतील. देऊ देत. मी काही विधवा व्हायला लग्न केलं नव्हतं.

झिपार

बिश्केक
१६ नोव्हेंबर

झिपार,

तुझा नवरा पोचला, भांडला आणि पळाला. क्रमाने सांगते.

गाडीतून उतरल्यावर मला बघून त्याने जे तोंड केलं ते मी मरेपर्यंत विसरणार नाही. "बाजार कुठंय?" मी म्हटलं, "आत आहे, चल." तोल्कुनबाईंनी रक्त तपासलं आणि लगेच त्याला खाटेवर टाकला. दुसऱ्या दिवशी नळी घातली. हा सहा फुटी बाप्या माझा हात इतका आवळून होता की माझ्या बोटांवर वळ उठले.

चांगलं आधी लिहिते. कॅन्सर नाही. दोन ठिकाणचे तुकडे काढून तपासले, नाही. अल्सर आहे, चांगला नखाएवढा, आणि त्यातूनच रक्त येत होतं. ते थांबलंय. आणि जंतू आहे, भरपूर आहे.

चार दिवस राहिला. पाचव्या दिवशी आपली टोपी घेऊन निघून गेला. म्हणे, मेंढ्यांना बघायला कुणी नाही. औषधं तेव्हा इथल्या दुकानात आलेली नव्हती. आता आली, ती कुबातबरोबर पाठवतेय. तीन डबे आहेत. दोन अँटिबायोटिकचे, एक पोटातलं आम्ल कमी करायचा. तिन्ही गोळ्या सकाळी आणि संध्याकाळी, चौदा दिवस. मोठ्या अक्षरात कागदावर लिहून आत घातलंय. पोट दुखायचं थांबलं तरी सोडायचं नाही. चौदा म्हणजे चौदा. मग महिन्यानंतर पुन्हा यायचं आणि जंतू गेला की नाही ते बघायचं.

तू जे केलंस ना, ते मला जमलं नसतं. शाळेतही तूच खोटं बोलायचीस आणि तोंड माझं लाल व्हायचं.

बुरुल्चा

कोक-झार
२० डिसेंबर

बुरुल्चा,

गोळ्या पोचल्या. संपल्या. पोट दुखत नाही. सोड्याची पुडी मी चुलीत टाकली तरी काही बोलले नाहीत.

पाकीट आलं तेव्हा मी इथे नव्हते, माझ्या आईच्या गावी आठवडाभर होते, तिचा हात मोडलाय. आता बरी आहे.

हिवाळ्याचा घोडा कापला. यंदा चरबी चार बोटं निघाली. आपांनी सॉसेज भरले, आइपेरीने पहिल्यांदाच आतडी धुतली आणि नाक मुरडून दिवसभर कुणाशी बोलली नाही. चौदा वर्षांची झाली पण नखरे शहरातल्या आत्यासारखे. धाकटा तिलेक आता पूर्ण वाक्यं बोलतो, त्यातली निम्मी घोड्यांना उद्देशून असतात.

बर्फ खूप पडलंय. तू जपून राहा.

झिपार

बिश्केक
११ जानेवारी २००४

झिपार,

तुझं एवढंसं पत्र मी तीनदा वाचलं. पोट दुखत नाही! मी तोल्कुनबाईंना अभिमानाने सांगितलं, माझ्या भावाने चौदा दिवस एकही गोळी चुकवली नाही. त्या म्हणाल्या, डोंगरातल्या माणसाने? मग तुझ्या भावजयीला इथे नोकरीला ठेवायला हवं.

आता महिनाअखेरीला त्याला पाठव. पुन्हा नळी घालावी लागेल, त्याला इलाज नाही. दुखायचं थांबलं म्हणजे जंतू गेला असं नसतं.

आणखी एक, आणि हे बोलताना मला आपांची भीती वाटते. आपा अजून मांस चावून तिलेकच्या तोंडात घालतात का? मला, दादाला, सगळ्यांना त्यांनी तसंच वाढवलं, माया म्हणूनच. पण आता पोराला दात आलेत. बारीक चिरून दे. कसं सांगायचं ते तूच बघ, तुला युक्त्या सुचतात.

बुरुल्चा

कोक-झार
२२ फेब्रुवारी

बुरुल्चा,

हे पत्र वाचताना तू बसलेली असशील तर बरं. उभी असशील तर बस.

यांचं पोट पुन्हा दुखतंय. जानेवारीच्या मध्यापासून. दोलोनचा घाट बंद होता म्हणून पाठवू शकले नाही, हे खरं आहे. पण पूर्ण खरं नाही. मला तोंड दाखवायला लाज वाटत होती. डिसेंबरच्या पत्रात मी तुझ्याशी खोटं बोलले नाही, पण खरंही सांगितलं नाही.

पाकीट घेऊन कुबात आला त्या दिवशी मी आईकडे होते. ते आपांच्या हातात पडलं. शहरातून लेकीने काहीतरी पाठवलंय, तीन डबे! आपांनी चादर अंथरली, चहा ठेवला आणि शेजारच्या झुमाशला आणि त्याच्या बायकोला हाक मारली. आइपेरीने तुझा कागद खणखणीत आवाजात वाचून दाखवला. सगळ्यांनी नीट ऐकला. आणि मग आपांनी गोळ्या वाटल्या. यांना, स्वतःला, झुमाशला, त्याच्या बायकोला. माझा वाटा कागदात बांधून चहाच्या डब्यात ठेवला, सून परत आली की तिला मिळावा म्हणून. पाच माणसं, चौदा दिवस. प्रत्येकाच्या वाट्याला जेमतेम तीन दिवस आले.

मी परत आले तेव्हा सगळ्यांनी आपापलं संपवलं होतं. माझा वाटा आपांनी दोन्ही हातांनी माझ्यापुढे धरला. "घे, तुझंही पोट साफ होईल." मी ओरडलेच.

"आपा, हे एकट्याचं औषध होतं!"

"शहरातून आलेलं काही या घरात एकट्याच्या तोंडात गेलंय का कधी? झुमाशने माझ्या नवऱ्याची कबर खणली, थंडीत, कुदळीने. त्याचंही पोट दुखतं. मी डबे मांडीखाली लपवून बसू?"

मग मी यांच्यावर तुटून पडले. "तुम्ही तर कागद ऐकला होता ना?" तर म्हणे, "आईच्या हातातून हिसकावून घेऊ?" आणि तीन दिवसांत दुखायचंही थांबलं होतं, मग तर काय, साहेब बरेच झाले.

तुला काय लिहू ते सुचेना. दुखत नव्हतं, म्हणून मीही मनाची समजूत घातली की झालं असेल काम. मूग गिळून गप्प बसले. चूक माझी आहे, बुरुल्चा. आपांना कळलं नाही, यांनी बोलायची हिंमत केली नाही, पण मला कळत होतं आणि मी गप्प बसले.

तिलेकच्या घासाचंही सांगितलं. युक्ती कसली सुचतेय, तोंडातून निघून गेलं. आपांनी वाडगा खाली ठेवला. "माझ्या तोंडात विष आहे का ग?" दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी सकाळी चुलीजवळ बसून विचारलं, "म्हणजे माझ्या तोंडातून गेलं? तुझ्या सासऱ्यांना? सुयुनबेकला?" मी म्हटलं, कुणाच्या तोंडातून ते कुणालाच माहीत नाही, तुमच्या सासूच्याही असेल. त्या म्हणाल्या, "मी किती मायेने भरवायचे." आणि ओढणीत तोंड घालून रडल्या. मीही रडले. हे तिकडे गोठ्यात.

मग मी डोळे पुसले आणि आपांना सांगितलं की हे आपण निस्तरायचं, आपण दोघींनीच. आता काय करायचं ते तू सांग, जे सांगशील ते अक्षर न अक्षर होईल.

आणि एक विचारायचं राहतंय. त्याच आपांनी तुलाही भरवलं. तुझ्या पोटात कुणी बघितलंय का?

झिपार

बिश्केक
५ मार्च

झिपार,

तुझं पत्र आलं त्या दिवशी मी इतकी चिडले की एक ट्रे खाली आपटला. मग तोल्कुनबाईंच्या समोर बसून सगळं सांगितलं. वाटलं हसतील. हसल्या नाहीत. म्हणाल्या, "तीन दिवसांत तो जंतू मरत नाही, शहाणा होतो. आता त्याला ती औषधं ओळखीची झाली असणार."

मग माझ्या लक्षात आलं, मी तरी कुणावर चिडलेय? मी त्याच घरात वाढले. मला आपांचा हात माहीत आहे. शेजारी येऊन गेला आणि घरातून तोंड रिकामं घेऊन गेला, असं मी कधी बघितलं नाही. तरीही मी किती दिवस घ्यायचं ते ठळक लिहिलं, किती जणांनी घ्यायचं ते लिहिलंच नाही. शहरात तशी गरज पडत नाही. शहरात राहून मी ते विसरले, ही माझी चूक. तेव्हा सगळी चूक एकटीच्या पदरात घेऊन बसू नकोस, अर्धी इकडे दे.

आता दुसरं औषध. चार प्रकारचं आहे आणि आधीच्यापेक्षा जड आहे. दिवसातून चार वेळा, चौदा दिवस. तोंड कडू होईल, लोखंड चाटल्यासारखं. मळमळेल. जीभ काळी पडेल आणि शौचालाही काळं होईल, ते त्या औषधातल्या एका गोळीमुळे, त्याला घाबरायचं नाही. पण त्याबरोबर चक्कर आली, घाम फुटला, रक्ताची उलटी झाली, तर एक क्षणही थांबायचं नाही, सरळ नारीनचा दवाखाना. आणि दारू नाही. थेंबभरही नाही. त्या गोळ्यांवर दारू प्यायला तर आडवा होईल. मधे नवरोज येतोय हे मला माहीत आहे. नाही म्हणजे नाही.

आणि हे मोठ्या अक्षरांत: हे औषध फक्त सुयुनबेकचं आहे. झुमाशला आणि त्याच्या बायकोला नारीनला तपासायला जायचं सांग, त्यांना लागलं तर त्यांचं वेगळं मिळेल. आपांचंही तसंच. तुझंही. पोरांचं डॉक्टर नंतर बघतील.

माझं काय विचारतेस? मी रोज डॉक्टरांच्या शेजारीच उभी असते.

बुरुल्चा

कोक-झार
२४ एप्रिल

बुरुल्चा,

झाले! चौदा दिवस, दिवसातून चार वेळा. एकही गोळी इकडची तिकडे नाही. आता ऐक.

पाकीट आलं तेव्हा मी घरात होते, पण डबे मी ठेवले नाहीत. आपांच्या हातात दिले. म्हटलं, वाटणाऱ्या हातानेच आता राखायचं. त्यांनी ते रुमालात गुंडाळून कोटाच्या आतल्या खिशात घातले आणि चौदा दिवस तो कोट अंगावरून काढला नाही. गोळीची वेळ झाली की कुठेही असोत, यांच्यासमोर जाऊन उभ्या. गोळी हातावर, पाण्याचा पेला तोंडाला, आणि मग, "आ कर." तोंड उघडून बघायच्या, जिभेखालीसुद्धा. बेचाळीस वर्षांचा बाप्या, अख्ख्या कळपाचा मालक! तिलेक शेजारी उभा राहून स्वतःचंही तोंड उघडायचा.

चौथ्या दिवशी हे गोठ्यामागून आले, चेहरा पांढराफटक. "झिपार, पुन्हा काळं." मी कुबातला गाडी काढायला सांगायला निघाले होते. आपांनी हाक मारली, "कागद आण आधी!" आइपेरीने वाचला. तू लिहिलं होतंस. चक्कर नाही, घाम नाही. तिघंही भिंतीला टेकून बसलो आणि मग एकदम हसायलाच लागलो.

सातव्या दिवशी झुमाश आला. म्हणाला, आपा, ऐकलं लेकीने नवं औषध पाठवलंय. आपांनी कोटाच्या खिशावर हात ठेवला. मग म्हणाल्या, "झुमाश, हे मी तुला देत नाही." तो बिचारा गोंधळला. आयुष्यात पहिल्यांदा या दारात त्याला नाही ऐकायला मिळालं. तो वळला तशा आपा मागे धावल्या आणि त्याच्या हातात घोड्याची अख्खी मांडी कोंबली, आणि वर दम दिला, "सोमवारी बायकोला घेऊन नारीनला जा, नाहीतर तोंड दाखवू नकोस." गेले दोघं. दोघांच्याही पोटात जंतू निघाला, दोघांनाही वेगवेगळे डबे मिळाले.

नवरोजला गावभर पेले भरले जात होते आणि हे चहा घेऊन बसले. सगळे डिवचायला लागले, बायकोने लगाम घातला म्हणे. हे म्हणाले, "बायकोने नाही, तिघींनी." त्या तिघींत तूही आहेस.

पंधराव्या दिवशी तोंडाची कडू चव गेली. दुखत नाही. पण या वेळी मी त्या न दुखण्यावर विश्वास ठेवणार नाही. मेच्या पहिल्या आठवड्यात हे येतील, स्वतःच्या पायांनी, बाजाराचं निमित्त न करता.

फक्त त्यांची एक अट आहे. तुझं मागचं पत्र मी वाचून दाखवलं. तुझं शेवटचं वाक्य त्यांनी दोनदा वाचायला लावलं. मग म्हणाले, "हे उत्तर नाही. मी सोडा खायचो तेव्हा असंच बोलायचो." त्यांचं म्हणणं आहे, त्या नळीच्या टेबलावर आधी तू झोपायचंस, मग ते. तू नाही झोपलीस तर ते आल्यापावली परत फिरतील. आणि बुरुल्चा, या बाबतीत मी त्यांच्या बाजूने आहे.

झिपार

बिश्केक
२३ मे

झिपार,

दादाचं आधी. जंतू गेला. दोन्ही तुकड्यांत सापडला नाही. अल्सरच्या जागी आता पांढरा वण आहे, बस्स. बाबांमुळे त्याला दर दोन वर्षांनी येऊन बघून जावं लागेल, एवढंच. तू, आपा, आइपेरी, झुमाश, तुम्ही सगळ्यांनी मिळून हे केलंत. मी तोल्कुनबाईंना आपांच्या कोटाच्या खिशाची गोष्ट सांगितली, त्यांनी ती दोन वॉर्डांत सांगितली.

आता माझं. दादाने घरी सांगितलं असेल की मी आधी झोपले आणि सगळं ठीक होतं. मीच त्याला तसं सांगितलं. डॉक्टरांनी एका जागेचे पाच-सहा तुकडे घेतले ते त्याने पाहिलं होतं, मी म्हटलं, नेहमीचंच आहे. तो गेल्यावर आठवड्याने कागद आला.

कॅन्सर आहे, झिपार. लहान आहे. अगदी वरच्या थरात आहे, तोल्कुनबाई म्हणतात एवढ्या लवकर त्यांना क्वचितच सापडतो. पोटाचा खालचा भाग कापून काढतील. बहुतेक तेवढ्यावर भागेल, असं त्या म्हणतात. बहुतेक हा शब्द मी रोज लोकांना सांगते, स्वतः ऐकायला फार लांब वाटतो.

दोन वर्षं मलाही जळजळत होतं. औषधाच्या कपाटातून गोळी काढून खायचे आणि कामाला लागायचे. दादाच्या सोड्यावरून मी किती बोलले! बाबांना शेवटी पाणीसुद्धा उतरत नव्हतं, ते मी बघितलं होतं. मला जाणून घ्यायचंच नव्हतं. दादासाठी मी कंबर कसली तेव्हा वाटलं, हा वाचला म्हणजे सगळं फिटलं. तुम्ही अट घातली नसती तर मी झोपले नसते, हे खरं आहे. म्हणजे तुम्हीच मला वाचवलं, अजून वाचले नसले तरी.

ऑपरेशन १ जूनला आहे. आधी दोन दिवस मी घरीच आहे. आपांना सांगू नकोस. आणि इकडे यायचंही नाही. तुमची कुरणावर जायची वेळ आहे, मेंढ्या कुणावर सोडणार? नंतर शुद्धीवर आले की कळवायला सांगते. मी खंबीर आहे.

बुरुल्चा

कोक-झार
२९ मे

बुरुल्चा,

सुयुनबेक लिहितोय. मी पत्र लिहीत नाही हे तुला माहीत आहे. सैन्यात होतो तेव्हाही फक्त एक लिहिलं होतं आणि त्यातही जनावरांचीच चौकशी होती. झिपार म्हणाली मी लिहिते. मी म्हटलं, आण इकडे.

आपांना सांगू नकोस म्हणून तू बजावलंस. झिपारने दहा मिनिटांत सांगितलं. आपा रडल्या नाहीत. कोट घातला, गाठोडं बांधलं आणि दारात जाऊन उभ्या राहिल्या. म्हणाल्या, बसायचं कशाला, निघायचं. मेंढ्या झुमाशने घेतल्या, आइपेरी आणि तिलेक त्याच्या बायकोबरोबर कुरणावर गेले. मी झुमाशला बोललोही नव्हतो, तोच पहाटे काठी घेऊन आला.

आता मला जे लिहायचंय ते. बाबांना बिश्केकला नेलं तेव्हा मी वर कुरणावर होतो. निरोप मिळाला होता. मी म्हटलं, आधी लोकर कातून होऊ दे. चार दिवस उशिरा आलो. तू एकटी होतीस, एकटीच त्यांच्यापाशी होतीस. तू मला कधी एक शब्द बोलली नाहीस. मी पण तुला कधी बोललो नाही. त्या दिवसापासून माझ्या मनात आहे.

तू मला फसवून दवाखान्यात नेलंस, भांडलीस, औषध पाठवलंस, ते आम्ही वाटून खाल्लं तरी पुन्हा पाठवलंस. माझं पोट आज ठीक आहे ते तुझ्यामुळे. मला तुझी फार भीती वाटते आहे, बुरुल्चा. तू एकच बहीण आहेस मला. तू खंबीर आहेस ते मला माहीत आहे, पण एकटीने खंबीर राहायची गरज नाही. ऑपरेशन होईपर्यंत आणि झाल्यावर, तू खायला लागेपर्यंत, मी तिथून हलणार नाही. लोकर वाढू दे.

हे पत्र मी कुबातकडे देतोय, आणि त्याच्याच गाडीत आम्ही तिघंही बसतोय. झिपार हसतेय, म्हणते, मग लिहिता कशाला, तोंडाने सांगा की. पण समोर आलो की मला हे बोलता येणार नाही, मी तुझ्या चहाबद्दल काहीतरी बोलेन. म्हणून कुबातला सांगितलंय, आधी वर जाऊन पत्र दे.

वाचून झालं की दार उघड. आम्ही खाली जिन्यात उभे आहोत.

सुयुनबेक